बग दुरुस्त करायचा, पण कुठल्या बाजूने? (सॉफ्टवेअर, नोकरी आणि जमलं तर थोडं राजकारण)

मध्यांतर

मंडळी, सल्ला हवाय. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी नोकरी सांभाळून एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी चालवतो, म्हणजे कुणालाही आपल्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट वापरता येईल असं तयार कोड. काम साधं आहे, दोन वेळांमधला कालावधी घ्यायचा, त्याचे तुकडे करायचे, जोडायचे, एकावर एक चढतायत का ते बघायचं आणि हवं असेल तर पाच-दहा-पंधरा मिनिटांना राउंड करून द्यायचं. लायसन्स एमआयटी, म्हणजे जवळजवळ काहीच अट नाही. मुळात तासावर बिल लावणाऱ्या फ्रीलान्सर लोकांसाठी लिहिलेली, त्यामुळे राउंडिंगचा डिफॉल्ट (काही सांगितलं नाही तर आपोआप लागणारं सेटिंग) वरच्या बाजूला, सात मिनिटं काम केलं तर पंधराचं बिल, त्या धंद्यात तसंच चालतं. कोण कोण वापरतं हे कळायला मार्ग नसतो, बग आला की तेवढ्यापुरतं कळतं.

तर आता एक इश्यू (लायब्ररीच्या पानावर टाकलेली तक्रार) आलाय, "टोटल जुळत नाही, अर्जंट". कुठल्यातरी कंपनीतला डेव्हलपर आहे, कंपनीचं नाव इथे घेत नाही. त्याने सॅम्पल डेटा चिकटवलाय. रात्रपाळीतल्या एका माणसाने सुटी घेतली २३:५२ ला, परत आला ००:०७ ला. बरोब्बर पंधरा मिनिटं. शिफ्टच्या पानावर १५ दिसतात. तारखेप्रमाणे जे पान आहे तिथे मात्र आधी मध्यरात्रीला तुकडे पडतात, आठ मिनिटं आदल्या तारखेला आणि सात दुसऱ्या तारखेला, मग प्रत्येक तुकडा वेगळा वर राउंड होतो, १५ आणि १५, झाले ३०.

इथपर्यंत नेहमीचंच. मग मी फील्डची नावं वाचली. ब्रेक टाइप: वॉशरूम. अलाउड: ४५. पेनल्टी पॉइंट. त्याच पाळीत त्या माणसाच्या आणखी दोन सुट्या आहेत, खऱ्या ११ आणि १३ मिनिटांच्या, राउंड होऊन १५-१५. म्हणजे माणूस जागेवर नव्हता ३९ मिनिटं, एका पानावर लागले ४५ आणि पेनल्टी शून्य, दुसऱ्या पानावर ६० आणि पेनल्टी एक. आणि शेवटी विनंती काय, तर "दोन्हीकडे ६० यायला पाहिजेत, क्लायंटने तारखेचं पान अप्रूव्ह केलेलं आहे."

सॅम्पलमध्ये खरे एम्प्लॉयी आयडी होते ते मी आधी उडवले, एडिट हिस्टरीतूनही. पण पुढे काय करू ते सुचेना. इश्यू बंद करू? लायसन्स बदलू? का गपचूप बग दुरुस्त करू आणि विसरून जाऊ? तुम्ही असता तर काय केलं असतं?

खडूस_काका

बंद करा. "डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय तसंच चालतंय, तुकडे करून मग राउंड केलं तर असंच होणार." दोन ओळी, विषय संपला. लायब्ररी म्हणजे हातोडा, कुणी खिळा ठोकतो कुणी डोकं फोडतो, लोहाराने किती जणांच्या घरी जाऊन बघायचं? मी वीस-पंचवीस वर्षं या लाइनीत आहे, कोडमध्ये राजकारण घुसलं की आधी कोड मरतो आणि मग राजकारणही धड होत नाही. तुम्हाला कुणी पगार देत नाही या लायब्ररीचा, मग डोक्याला ताप कशाला.

टॅब_नाही_स्पेस

हातोडा आला, चला, आता धागा रीतसर सुरू झाला 😄

मध्यांतर, माझं सरळ मत, लायसन्स बदल. "कर्मचाऱ्यांवर पाळत ठेवायला वापरता येणार नाही" असं एक कलम टाक आणि मोकळा हो. एथिकल लायसन्स आता नवीन नाहीत, हिप्पोक्रॅटिक लायसन्स २०१९ पासून आहे. तुझं कोड, तुझी अट. काका म्हणतात राजकारण आणू नका, अहो काका, माणसाच्या संडासच्या वेळेला पेनल्टी लावणं हे राजकारण नाही आणि त्याला नाही म्हणणं मात्र राजकारण, हा कुठला न्याय?

कलम_सहा

माझ्या आयडीवरून कळलं असेलच मी काय बोलणार ते.

ओपन सोर्सची जी व्याख्या ओएसआय (ओपन सोर्स इनिशिएटिव्ह ही संस्था) सांभाळतं त्यातलं सहावं कलम म्हणतं की सॉफ्टवेअर कुठल्या कामासाठी वापरायचं यावर बंधन घालता येत नाही. पाचवं म्हणतं कुठल्या माणसाला किंवा गटाला वगळता येत नाही. पाळतीविरुद्धचं कलम टाकलंस की तू ओपन सोर्समधून बाहेर, लोकांना आवडो न आवडो. हे नुसतं तात्त्विक नाहीये. जेसन या डेटा फॉरमॅटचं जे जुनं लायसन्स होतं त्यात एकच जादा वाक्य होतं, सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नको. किती निरुपद्रवी वाटतं! पण डेबियन या लिनक्सवाल्यांनी ते नॉन-फ्री (मुक्त नसलेलं) ठरवलं, अपाचे या ओपन सोर्स संस्थेने २०१६ साली त्या लायसन्सचं कोड आपल्या प्रोजेक्टमध्ये घ्यायला बंदी केली. कारण 'वाईट' कुणी ठरवायचं? कंपनीचा वकील ते वाक्य वाचून एवढंच सांगतो की हे वापरू नका. म्हणजे नियम पाळणारे निघून जातात आणि न पाळणारे तुझं लायसन्स मुळात उघडतच नाहीत.

दुसरं म्हणजे, जुन्या व्हर्जन एमआयटीखाली दिल्यात त्या दिल्यात. ती कंपनी आहे त्या व्हर्जनवर थांबेल, फोर्क मारेल (स्वतःची वेगळी कॉपी काढेल), आणि ६० चं गणित स्वतःच लिहून घेईल. तीन ओळींचं काम आहे.

टॅब_नाही_स्पेस

पण जुन्या कॉन्ट्रिब्यूटर (कोडमध्ये भर घालणाऱ्या) लोकांची परवानगी लागेल ना लायसन्स बदलायला? ते तर आणखीनच अवघड.

कलम_सहा

एमआयटीत नाही लागत. त्यांची कॉपीराइट नोटीस आणि मूळ लायसन्सचा मजकूर सोबत ठेवायचा, नवीन व्हर्जन दुसऱ्या अटींवर देता येतं. जीपीएल (पुढे देतानाही त्याच अटी ठेवायला लावणारं कडक लायसन्स) असतं तर लागली असती. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरवाल्यांनी २०११-१२ च्या सुमारास इंजिन जीपीएलवरून त्याहून सैल एलजीपीएलवर नेलं तेव्हा एकेका जुन्या कॉन्ट्रिब्यूटरला हुडकून विचारत बसले होते. इथे अडचण परवानगीची नाहीये, उपयोगाची आहे.

आणि हो, लायसन्सशिवायचा दुसरा रस्ता पण एकाने चालून बघितलाय. सप्टेंबर २०१९ मध्ये शेफ या सॉफ्टवेअर कंपनीचं अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याबरोबर, म्हणजे आयसीईबरोबर कॉन्ट्रॅक्ट असल्याचं बाहेर आलं, तेव्हा तिथल्या एका माजी डेव्हलपरने आपली 'शेफ-शुगर' लायब्ररी काढूनच टाकली. ग्राहकांच्या सिस्टिम अडकल्या, कंपनीने कोड परत टाकून गाडी चालू केली कारण लायसन्स तशी मुभा देतच होतं. पण मग काही दिवसांतच सीईओने जाहीर केलं की ते कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर रिन्यू करणार नाही. आता हे कशामुळे झालं? लायसन्समुळे नाही, बोभाटा झाला म्हणून.

सिंगल्टन

मग बोभाटाच करा की 😈 पुढच्या व्हर्जनमध्ये फील्डच्या नावात 'वॉशरूम' दिसलं की रिझल्ट शून्य. किंवा एरर मेसेज, "माणसाला जाऊ द्या."

ताई_डीबगर

हसले, पण नको, चेष्टेतही नको. मार्च २०२२ मध्ये नोड-आयपीसी या लायब्ररीच्या मेंटेनरने (ती सांभाळणाऱ्याने) युद्धाचा निषेध म्हणून रशिया आणि बेलारूसच्या आयपीवर फायली पुसून त्यात हार्टचे इमोजी भरणारं कोड टाकलं. आयपीवरून कोण सापडणार? ज्याने युद्ध सुरू केलं तो का? तिथला कुठलातरी बिल्ड सर्व्हर सापडणार. इथेही तेच, तुम्ही शून्य परत केलं की रात्री तीनला फोन कुणाला जाणार, तर त्या इश्यू टाकणाऱ्या पोराला. आणि एकदा लायब्ररी मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायला लागली की मग मध्यांतर दादांच्या कुठल्याच आकड्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, बरोबर असला तरी.

आता मूळ बगबद्दल, कारण इथे सगळे लायसन्सवर बोलतायत आणि गणिताकडे कुणाचं लक्ष नाही. हा बग ऑर्डरचा आहे. तोड-मग-राउंड आणि राउंड-मग-तोड ही दोन वेगळी उत्तरं देतात. जितके तुकडे जास्त तितकं फुगत जाणार, आणि डिफॉल्ट वरच्या बाजूला असल्यामुळे कायम एकाच दिशेला फुगणार. जवळच्या पंधराला राउंड केलं असतं तर कधी इकडे कधी तिकडे झालं असतं. दादा, तुम्ही म्हणता डिफॉल्ट बिलिंगसाठी होता. बिलिंगमध्ये वर राउंड केलं की काम करणाऱ्याला जास्त मिळतं. तेच फंक्शन सुटीला लावलं की काम करणाऱ्याचं जास्त कापलं जातं. कोड एकच, पण पैसे उलट्या बाजूला वाहतात.

सेकंद धरता का हो? कारण तो माणूस पाच सेकंद उशिरा आला असता, ००:०७:०५ ला, तर शिफ्टच्या पानावरही १५ चे ३० झाले असते. पाच सेकंदाला पंधरा मिनिटं. हा बग नाही, हे अगदी डॉक्युमेंटेशनप्रमाणे.

आणि एक बघून सांगा, त्या सॅम्पलमध्ये पाळीत येण्या-जाण्याच्या वेळा आहेत का? त्या कशा राउंड केल्यात?

मध्यांतर

ताई, बघितलं. पाळी २२:०० ते ०६:००. त्या माणसाचं लॉगिन २१:५६, राउंड होऊन २२:००. लॉगआउट ०६:११, राउंड होऊन ०६:००. येण्याची वेळ वर, जाण्याची खाली. जाण्याच्या वेळेला त्यांनी मुद्दाम 'खाली' असा पर्याय पास केलाय, म्हणजे पर्याय आहे हे त्यांना माहीत आहे.

सव्वाआठ तास बसला, लागले आठ. ३९ मिनिटं उठला, लागले ६०.

सेकंद धरतो.

खडूस_काका

हे मात्र जरा जास्तच आहे.

तरी माझा मुद्दा तोच, हे तुमच्या लायब्ररीने केलेलं नाही, त्या कंपनीने केलंय, आणि त्याला कायदा आहे. कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने २०२१ च्या फेब्रुवारीत डोनोह्यू केसमध्ये सांगितलं की जेवणाच्या सुटीच्या वेळा राउंड करायच्याच नाहीत. त्या निकालात उदाहरण आहे, ११:०२ ला जेवायला गेला, ११:२५ ला आला, सॉफ्टवेअरने जवळच्या दहाला नेऊन ११:०० ते ११:३० लावले, २३ मिनिटांची सुटी कागदावर ३० ची झाली आणि अर्ध्या तासाची सुटी दिल्याची नोंद पूर्ण. तेव्हा हे कोर्टाने बघायचं, कामगार संघटनेने बघायचं. मेंटेनरने गणित बरोबर द्यायचं आणि बाजूला व्हायचं.

टॅब_नाही_स्पेस

काका, त्या केसमध्ये पण सॉफ्टवेअर होतंच ना. कुणीतरी एका दुपारी बसून "जवळच्या दहाला" असं टाइप केलेलं असणार आणि चहा प्यायला गेला असणार.

रात्रपाळी

इतका वेळ नुसता वाचत होतो पण आता राहवत नाही. मी असल्याच एका प्रॉडक्टवर काम करतो, दुसऱ्या कंपनीत, तेव्हा आतून कसं असतं ते सांगतो.

बाहेरून वाटतं कुणीतरी बसून ठरवलं की कामगारांना लुटायचं. तसं कुणी बसत नाही. सेल्सवाला क्लायंटला डेमो देतो, डेमोत डिफॉल्ट सेटिंग असतं, क्लायंटच्या एचआरला आकडे आवडतात, ते "अप्रूव्ह" होतात, त्या अप्रूव्हलची ईमेल निघते, आणि मग ती ईमेल म्हणजे स्पेसिफिकेशन. सहा महिन्यांनी कुणाला तरी दिसतं की दोन पानांचे आकडे वेगळे आहेत, तो माझ्यासारख्याकडे येतो, मी म्हणतो तारखेचं पान चुकलंय, पीएम (आमचा मॅनेजर) म्हणतो ते अप्रूव्ह झालंय, मग बरोबर पान बदलायचं. अगदी हेच माझ्या टीममध्ये झालेलं आहे, फक्त फीचर वेगळं. मी मीटिंगमध्ये बोललो की हे लोकांच्या अंगावर येतंय, तर उत्तर आलं, "आपण पॉलिसी ठरवत नाही, आपण कॉन्फिगरेशन देतो." क्लायंटला विचारलं तर ते म्हणणार आम्ही कुठे ठरवलं, सिस्टिमच तसं दाखवते. म्हणजे ठरवलं कुणी? शोधत शोधत गेलात तर शेवटी मध्यांतरच्या लायब्ररीतला एक डिफॉल्ट सापडतो, जो फ्रीलान्सरच्या बिलासाठी होता. गंमतच आहे.

म्हणून लायसन्स बिन्सन्स सोडा. आमच्या कंपनीत लायसन्सचं स्कॅनिंग एक टूल करतं, लाल आलं की आम्ही दुसरी लायब्ररी घेतो, कुणाच्या मनाला काही लागत नाही. पण एका गोष्टीपुढे पीएमचं काही चालत नाही, ती म्हणजे "अपस्ट्रीमने बदललं", अपस्ट्रीम म्हणजे आम्ही वापरतो ती मूळ लायब्ररी. मी म्हणालो हे अन्यायाचं आहे तर मी भावनिक. मी म्हणालो अपस्ट्रीमच्या चेंजलॉगमध्ये (व्हर्जनमधल्या बदलांच्या नोंदीत) लिहिलंय की हे आउटपुट चुकीचं आहे आणि सपोर्ट बंद, तर तो रिस्क झाला, रिस्कला तिकीट मिळतं, तिकिटाला वेळ मिळतो. त्या इश्यू टाकणाऱ्या पोराला पण बहुतेक कळतंय की ६० चूक आहे. नाहीतर त्याने फील्डची नावं बदलून सॅम्पल दिलं असतं, आम्ही एनडीए (गोपनीयतेचा करार) असल्यामुळे कायम तसंच देतो. त्याने 'वॉशरूम' तसंच ठेवलं. आळस असेल, पण मला नाही वाटत.

त्याला काहीतरी लेखी द्या जे तो वर दाखवू शकेल.

ताई_डीबगर

रात्रपाळी, हा प्रतिसाद सगळ्यात भारी.

कागद किती महत्त्वाचा असतो त्याचं उदाहरण देते. ब्रिटनमधलं पोस्ट ऑफिसचं होरायझन. १९९९ पासून ते सॉफ्टवेअर पोस्टाच्या काउंटरवर, हिशेबात तूट दाखवायचं, आणि तिथलं कोर्ट असं धरून चालायचं की उलट पुरावा नसेल तर कॉम्प्युटर बरोबर. नऊशेहून जास्त लोकांवर गुन्हे शाबित झाले, काही जण तुरुंगात गेले. २०१९ च्या निकालात हायकोर्टाने मान्य केलं की सिस्टिममध्ये बग होते, आणि शेवटी २०२४ मध्ये कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. बग आहेत हे आत काही लोकांना माहीत होतं, बाहेर काउंटरवरच्या बाईला मात्र सांगायचे की असं फक्त तुमच्याकडेच होतंय. उघड बग ट्रॅकरवर एक ओळ असती तर वकिलाने ती कोर्टात ठेवली असती. दादांच्या रिपोचा (जिथे कोड आणि इश्यू ठेवलेत त्या जागेचा) हाच फायदा आहे, तो उघडा आहे. उद्या त्या रात्रपाळीतल्या माणसाने पेनल्टीवर दाद मागितली तर तो इश्यू सापडायला पाहिजे. म्हणून बंद करा पण डिलीट करू नका.

कलम_सहा

यात एक भर. फ्रान्सच्या डेटा प्रायव्हसी बघणाऱ्या सीएनआयएलने जानेवारी २०२४ मध्ये ॲमेझॉनच्या तिथल्या वेअरहाउस कंपनीला ३ कोटी २० लाख युरोचा दंड ठोठावला. मुद्दा काय होता, तर स्कॅनर. दहा मिनिटांहून जास्त स्कॅनर थांबला की नोंद, एक ते दहा मिनिटं थांबला की वेगळी नोंद, आणि आधीच्या स्कॅननंतर सव्वा सेकंदाच्या आत पुढचं स्कॅन केलं तर त्याचीही नोंद, फार घाई केली म्हणून! थांबलं तरी नोंद, पळालं तरी नोंद. सीएनआयएलचं म्हणणं होतं की इतक्या बारीक मोजमापामुळे माणसाला प्रत्येक थांबण्याचा खुलासा द्यावा लागू शकतो, आणि ते अति आहे. तेव्हा काकांचं खरं आहे की कायदा आहे, पण तो दंड बसायला आधी कुणीतरी तीनही आकडे सुटे करून मांडावे लागले.

खडूस_काका

ठीक. चेंजलॉगला माझी हरकत नाही, चेंजलॉग म्हणजे इंजिनिअरिंग. भाषण नको त्यात.

नुसताच_वाचक

माझा एक व्यवहारी प्रश्न, कुणीच विचारला नाही म्हणून. मध्यांतर, तुमच्या नोकरीच्या करारात साइड प्रोजेक्टबद्दल काय लिहिलंय? बऱ्याच करारांत असतं की नोकरीच्या काळात लिहिलेलं सगळं कोड कंपनीचं. तसं असेल आणि हा इश्यू उद्या कुठे गाजला तर पहिला फोन तुमच्या एचआरचा येणार. आणि तुमची कंपनी स्वतः असलं कुठलं टूल वापरत असली तर आणखीच मजा.

मध्यांतर

करारात आहे ते कलम, पण रुजू होताना या लायब्ररीचं नाव अपवाद म्हणून लिहून घेतलेलं आहे, सहीसकट. आमच्याकडचं टूल काय करतं ते आता बघायला लागेल, बरी आठवण केलीत 😐

सिंगल्टन

नुसताच_वाचक हा माणूस वर्षातून एकदा लिहितो आणि लोकांची झोप उडवून जातो.

टॅब_नाही_स्पेस

मला अजूनही वाटतं तुम्ही सगळे फार सावध खेळताय. चेंजलॉग लिहून काय होणार? पेनल्टीची सिस्टिम तशीच राहणार, फक्त ६० च्या जागी ४५ लिहिणार. मुळात माणसाच्या उठण्याबसण्याला आकडा लावायचाच का, हा प्रश्न कुणी विचारतच नाहीये. १९११ साली अमेरिकेतल्या वॉटरटाउनच्या शस्त्रांच्या कारखान्यात साहेब स्टॉपवॉच घेऊन उभा राहिला तर ओतकाम करणारे हत्यारं टाकून बाहेर पडले होते. आपण काय करतोय, स्टॉपवॉच नीट चालतंय का ते तपासतोय.

रात्रपाळी

मान्य आहे. पण बाहेर पडले ते ओतकाम करणारे, घड्याळ बनवणारा नव्हे. घड्याळ बनवणारा फार तर एवढं करू शकतो की घड्याळ कुणाच्या बाजूने पुढे पळणार नाही. आणि ४५ आणि ६० मधला फरक त्या माणसाला किरकोळ नाहीये रे. पॉइंट साठले की पुढे काय होतं ते आमच्या प्रॉडक्टचं पुढचं पान दाखवतं, मला ते पान पाठ आहे.

टॅब_नाही_स्पेस

हम्म. हे पटलं, पण पूर्ण नाही पटलं.

मध्यांतर

काय केलं ते सांगतो, धाग्याचं देणं लागतो.

एक, राउंडिंगला आता डिफॉल्ट दिशा नाही. वर, खाली, जवळ, यातलं काहीतरी स्पष्ट लिहावंच लागेल, नाही लिहिलं तर कोड चालणारच नाही. मेजर व्हर्जन बदलली, जुने वापरणारे शिव्या घालतील, घालू देत. निदान कुणीतरी बसून 'वर' असं टाइप करेल आणि ते कोड रिव्ह्यूत दुसऱ्या कुणाला दिसेल. 'सिस्टिमच तसं दाखवते' म्हणायची सोय बंद.

दोन, ताईंनी सांगितल्याप्रमाणे तुकड्यांना आपला मूळ कालावधी माहीत असतो, राउंडिंग पूर्ण कालावधीचं होतं आणि मग ते तुकड्यांत वाटलं जातं. २३:५२ ते ००:०७ चे आता ८ आणि ७ च येतात, बेरीज १५. दोन्ही पानं जुळतात, ४५ वर.

तीन, चेंजलॉग. आधी मी लांबलचक लिहिलं होतं, काकांची आठवण येऊन भाषण कापलं. उरलं ते असं: "आधीच्या सर्व व्हर्जनमध्ये मध्यरात्र ओलांडणारा कालावधी तारखेप्रमाणे तोडून वर राउंड केल्यास बेरीज प्रत्यक्षापेक्षा जास्त येत असे. १५ मिनिटांची नोंद ३० होऊ शकते. हे आउटपुट पगार, दंड किंवा हजेरीसाठी वापरले असल्यास जुन्या नोंदी पुन्हा तपासा." त्या इश्यूची लिंक खाली, आयडीशिवाय.

इश्यूवर उत्तर दिलं की दोन्ही पानं जुळतील पण ६० वर जुळवून देणार नाही, कारण ते गणित चुकीचं आहे. लायसन्स एमआयटीच ठेवलं. त्या डेव्हलपरचं उत्तर आलं, "ओके. 'जुन्या नोंदी पुन्हा तपासा' हे वाक्य प्लीज काढू नका." बाकी काही नाही. रात्रपाळी, तुमचा अंदाज बरोबर असावा.

रात्रपाळी

🙏 नवीन व्हर्जन आली की आमच्याकडे अपग्रेडचं तिकीट मीच टाकतो. आम्ही पण तुमचीच लायब्ररी वापरतो, हे मला काल लॉकफाइल (वापरलेल्या सगळ्या लायब्ररींची यादी) बघताना कळलं.

सिंगल्टन

😂😂😂

ताई_डीबगर

छान झालं सगळं. दादा, एकच राहिलं. ज्या देशांत घड्याळ तासभर मागे घेतात तिथे त्या रात्री कुणी ०१:५० ला उठला आणि वीस मिनिटांनी परत आला तर घड्याळात ०१:१० वाजलेले असणार. लोकल वेळेवर हिशेब केलात तर उणे चाळीस येईल, आणि उणे चाळीस राउंड करताना 'वर' म्हणजे कुठली बाजू? टेस्ट दिसली नाही मला. इश्यू टाकू का?

मध्यांतर

टाका. पण 'अर्जंट' नका लिहू.